सर, पदर घेऊन म्हणा ना!

आणि वर मलाच म्हणतात, "सर, एकदा म्हणा ना... पण पदर घेऊन म्हणा हं!" पदर घेऊन! अहो, कुणाला म्हणताय? मी गोरक्षनाथ मास्तर! पी.टी.चा मास्तर! माझी शिट्टी ग्राउंडवर वाजली की बाहेर रस्त्यानं सायकलवर चाललेला पोरगा खाली उतरून सावधानमध्ये उभा राहायचा, तो मी! सगळी नोकरी एका वाक्यावर काढली... छाती पुढं, पोट आत! बस. दुसरं काही शिकवलं नाही, गरजच पडली नाही. आणि परवा, तुम्हाला सांगतो, दाढी करायला गेलो, तर तो दुकानदार, माझाच विद्यार्थी, वस्तरा गळ्याशी आणतो आणि हळूच म्हणतो, "सर, तेवढं 'मी हाय ना' म्हणा की." आता वस्तरा गळ्याशी असताना माणसानं काय करावं? म्हटलं! बारीक आवाजात म्हटलं! सगळं दुकान टाळ्या वाजवायला लागलं, बाकावर पेपर वाचत बसलेले दोन म्हातारे उठून उभे राहिले, आणि मी... अर्धा गाल साबणाचा.

अशा वेळी वाटतं की नाही, जमीन फाटावी आणि पोटात घ्यावं? वाटतं ना? आता आमच्याकडचं रान काळं. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की चप्पल आत गेली तर दुसरी पण टाकून द्यावी लागते. पण मला पाहिजे तेव्हा? मी मान खाली घालून बघतोय, आता फाटेल, मग फाटेल... कुठं काय! एकदम घोटल्यासारखी सपाट. जमीन काही फाटत नाही हो!

सगळं झालं त्या गाण्यापायी. माझी मुलगी भार्गवी, एकुलती एक, तिचं पहिलं गाणं. पहिलंवहिलं! तुम्ही ऐकलंच असणार, नाही ऐकलं असं म्हणूच नका, उगाच माझं मन राखायला. सोल-पॉप म्हणतात त्याला. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" तर म्हणे, "बाबा, आतून आलेलं गाणं." म्हटलं, आमच्या वेळची काय बाहेरून यायची का? पण ते जाऊ द्या. त्या गाण्यात सुरुवातीला, मध्ये, आणि शेवटी... शेवटी तर संपतच नाही ते... एक बाई गुणगुणते. हूं हूं हूं... हलू नको गं बाय... मी हाय ना... अंगावर काटा येतो म्हणतात लोक. काय तो आवाज! काय ती माया! कोण असेल ती माउली?

ती माउली मी.

हसू नका. आधी ऐकून घ्या, मग हसा, तसेही तुम्ही थांबणार नाहीच.

झालं असं की आमच्या हिचा, विजयाचा, हात मोडला. गोठ्यात शेणावरून पाय घसरला, पडताना हात टेकवला, मनगट गेलं. प्लास्टर. आता आमच्याकडं एक गाय, सगुणा. सगुणा म्हणजे नावाला माझी, पण कासेला हात फक्त हिचा चालतो. दुसऱ्या कुणाचा नाही. ही रोज पहाटे धार काढायला बसायची, डोक्यावर पदर, आणि सुरू... हूं हूं हूं, हलू नको गं बाय, मी हाय ना. ही माहेरची जामखेडकडची. लग्न झाल्यापासून सांगतोय हिला, अगं, मास्तराची बायको तू, 'हाय' नाही म्हणायचं, 'आहे' म्हणायचं. तर म्हणते, "बरं हाय!" सोडून दिलं.

तर पहिल्या दिवशी मी गेलो धार काढायला. सगुणानं माझ्याकडं असं बघितलं... कसं सांगू... शिक्षणाधिकारी बघतात तसं. कासेला हात लावला, लाथ. बादली तिकडं, मी इकडं. दुसऱ्या दिवशी म्हटलं हिला शिस्तच नाही, हिचे लाड झालेत. खिशातून शिट्टी काढली आणि मारली. चूक झाली. मान्य करतो. गाईनं दावं तोडलं आणि जी सुटली ती थेट उसात! गावानं बघितलं, पुढं गाय, मागं मी, तोंडात शिट्टी. आणि कास दगडासारखी झालेली, जनावर हंबरतंय, दूध आतच राहिलं तर आजार व्हायचा.

ही पलंगावरून म्हणाली, "अवो, तुमचा आवाज ऐकून अख्खी शाळा चड्डी वली करायची, सगुणा काय पान्हा सोडंल? माझी साडी नेसा. ती निळी, गोठ्यातली. डोक्यावरनं पदर घ्या आन् माझ्यावानी बोला. जनावराला वास कळतो, आवाज कळतो. मिशीचं तिला काय पडलंय?"

मी? साडी? म्हटलं, "विजया, डोकं ठिकाणावर आहे का?" ही म्हणाली, "डोकं बरं हाय, हात मोडलाय."

काय करता! गोठ्याचं दार आतून ओढून घेतलं, पायजम्यावरूनच गुंडाळली साडी. निऱ्या काही जमल्या नाहीत, सगळ्या एका बाजूला आल्या, पुढून मी मास्तर आणि मागून गाठोडं. पदर घेतला. बसलो. आवाज निघेना. आयुष्यात बारीक बोललोच नव्हतो मी! लग्नात मंगलाष्टकांना "सावधान" म्हणाले तर मीच पाय जुळवून उभा राहिलेला माणूस! पण त्या पदराच्या आत... आता हे कसं सांगायचं तुम्हाला... तिथं अंधार असतो, हिच्या डोक्याच्या तेलाचा वास असतो, थोडा शेणाचा. बाहेरचं जग दिसत नाही, म्हणजे जगालाही आपण दिसत नाही असं वाटतं. आणि आला हो आवाज. कुठून आला देव जाणे! हूं हूं हूं... हलू नको गं बाय... मी हाय ना... आणि सगुणानं पान्हा सोडला! चर्र चर्र धारा! मलाच भरून आलं. मी म्हटलं, "शाब्बास गं!" तर तो मास्तरचा आवाज निघाला, तिनं लगेच पाय उचलला. परत पदरात.

आता हे इथंच राहिलं असतं की नाही? एक गाय, एक बायको, एक दार. पण भार्गवी पुण्याहून आली होती आईचा हात मोडला म्हणून. पोरीला एक खोड. मोबाईल घेऊन हिंडायची आणि आवाज साठवायची. कुकरच्या शिट्ट्या, उसाच्या ट्रॅक्टरची धडधड, एस.टी.च्या दाराचा खडखडाट. मी म्हणायचो, "अगं, लोकं असले आवाज नकोत म्हणून कानात बोळे घालतात!" तर एका पहाटे तिला जाग आली, गोठ्यातून आईचं गुणगुणणं ऐकू येतंय, आणि आई तर शेजारी घोरतेय. पोरगी घाबरली. उठून आली, दाराच्या फटीतून बघितलं. आणि हाक मारायची ना बापाला? नाही. मोबाईल फटीला लावला.

मला पत्ता नाही! मी आपला रोज पहाटे बायको, दिवसभर मास्तर.

मग एक दिवस म्हणाली, "बाबा, माझं गाणं तयार झालंय, ऐकायला नगरला चला." आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. गेलो आम्ही दोघं. पोरीचा मित्र अझहर, त्याच्या वडिलांचा, नियाजभाईंचा गादी कारखाना. त्याच्या मागच्या खोलीत यांचा स्टुडिओ. सगळ्या भिंतींना गाद्या उभ्या! वर छताला गाद्या! म्हणे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. म्हटलं, ही खोली मला शाळेत पाहिजे होती. नाकात कापूस, मिशीत कापूस, बसलो. नियाजभाई पण हातातला सुई-दोरा घेऊन तसेच येऊन बसले. अझहरनं बटण दाबलं.

आणि... हूं हूं हूं...

तुम्हाला सांगतो, आधी वाटलं, अरे वा, विजयाचा आवाज घेतला वाटतं पोरीनं. मग मागं बादलीत धार पडल्याचा आवाज आला, त्यावर अझहरनं ठेका धरलेला, चर्र-चर्र-ठुक, चर्र-चर्र-ठुक... ते ठुक म्हणजे माझ्या गुडघ्याचं हाड! मी ओळखलं. स्वतःचं हाड माणूस ओळखतो. वर भार्गवी गातेय, कुणी सोडून गेलं, कुणी परत आलं नाही, शहर मोठं, खोली छोटी, असं काहीबाही. आणि दर वेळी ती पोरगी गाण्यात रडायला येते तेव्हा मी येतो... हलू नको गं बाय... मी हाय ना...

नियाजभाईंनी डोळे पुसले. "मास्तर," म्हणाले, "ह्या बाईच्या आवाजात काय दर्द हाय! कोन हाय ही?" आणि आमची ही! पदर तोंडात कोंबून हसतेय, प्लास्टरचा हात गदागदा हलतोय. मी मान खाली घातली. खाली जमीन पण नव्हती, गादी होती. जमीन फाटत नाही ते नाहीच, गादी तरी उसवावी!

बाहेर आल्यावर पोरीला बाजूला घेतलं. म्हटलं, "काढून टाक. आत्ताच्या आत्ता. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे." म्हणाली, "बाबा, नाव नाही सांगणार कुणाला. शपथ. पण ते काढलं तर गाण्यात काही उरतच नाही." म्हटलं, "दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घे!" तर माझ्याकडं बघून म्हणते, "तुम्ही गाईला म्हणता ते मला कधी म्हणालात?"

मी म्हटलं, "तू काय बादलीला लाथ मारतेस का?"

म्हणजे... सुचलं ते बोललो हो. ती हसली. हसली म्हणजे तोंडानं हसली. आणि मी म्हटलं, ठेव बाई. ठेव. गादी कारखान्यात बनलेलं गाणं, कोण ऐकतंय?

कोण ऐकतंय! अहो, कोण नाही ऐकत ते सांगा! आधी पोरांच्या मोबाईलवर, मग रिक्षात, मग उसाच्या ट्रॅक्टरवर. तुम्ही बघितलेत ना आमच्याकडचे ट्रॅक्टर? मागं दोन ट्रॉल्या ऊस आणि पुढं एवढाले स्पीकर! नगर-मनमाड रस्त्यानं रांग लागलेली, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर मी! मी रस्ता ओलांडायला उभा राहिलो की मीच मला सांगतोय, हलू नको गं बाय! डेअरीत दूध घालायला गेलो, तिथं मी. लग्नात हळदीला मी. दहावीच्या निकालाच्या दिवशी नापास झालेल्या पोरांनी लावलं, पास झालेल्यांनी पण लावलं. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "सर, आमच्या सासूबाई गेल्या, पण ती गाण्यातली माउली कानात होती म्हणून शांतपणे गेल्या." म्हटलं, वाईट झालं. आणि मनात म्हटलं, कुणाच्या सासूबाईंच्या शेवटच्या घटकेला मी साडी नेसून हजर होतो!

आणि भार्गवी एका मुलाखतीत म्हणाली, "तो आमच्या घरातलाच आवाज आहे." झालं! घरातला आवाज म्हणजे कुणाचा? माझ्याकडं कोण बघतंय! सगळे हिच्या पायाशी. बचत गटानं सत्कार केला, डेअरीनं सत्कार केला, राळेगणकडून कुठल्या तरी महिला मंडळाची जीप आली हिला न्यायला. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ. घरात नारळ इतके झाले की रोज आमटीत खोबरं. शाली इतक्या झाल्या की थंडीत सगुणाला पांघरल्या. आणि ही प्रत्येक ठिकाणी दोन शब्द बोलायची, "मी काय केलं न्हाई, गाईनंच करून घेतलं." टाळ्या! मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतोय. मला म्हणतात, "सर, तुम्ही भाग्यवान, असा आवाज घरात! तुम्हाला मात्र असलं नाजूक काही कळायचं नाही." म्हटलं, "नाही बुवा. छाती पुढं, पोट आत."

घरी आल्यावर मी हिला म्हणायचो, "विजया, आवाज कुणाचा गं?" तर म्हणायची, "शब्द कुनाचे? साडी कुनाची? गाय कुनाची?" तिन्ही गोष्टी खऱ्या.

त्यात आला धवल. हा माझा विद्यार्थी. शाळेत असताना लांब उडीत हात खरवडला म्हणून रडला होता, तेव्हा मी सगळ्या शाळेसमोर म्हणालो होतो, "रडतोस काय बाईसारखा?" आता तो कार्यक्रम भरवतो. स्टेज, लाइट, साऊंड, सगळं. आला तो सरळ हिच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "मावशी, माझं ठरलेलं लग्न मोडलं. जेवण जात नव्हतं. तुमचा आवाज लावून झोपायचो. 'मी हाय ना' असं मला कुणी म्हणालंच नव्हतं." आणि रडला. तसाच, लांब उडीसारखा. मी तिथंच बसलेलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि चटकन डोळे पुसले, ताठ बसला. म्हणाला, "सॉरी सर."

तुम्हाला सांगतो, त्या वेळी खरंच... सगळ्यांत जास्त... जाऊ द्या. फरशी होती. फरशी काय फाटते?

त्याला नगरला भार्गवीचा कार्यक्रम करायचा होता. पहिला. लोकांसमोर, तिकीट लावून. पोरगी आठ दिवस जेवली नाही धड. मला येऊन म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते." मी म्हटलं, "भीती कसली? श्वास घ्यायचा. छाती पुढं..." ती म्हणाली, "पोट आत. माहिती आहे." आणि गेली.

सावेडीतला मोठा हॉल. खचाखच! आणि त्यात अर्धे माझे विद्यार्थी, बायका-पोरं घेऊन आलेले. मी तिसऱ्या रांगेत. भार्गवी आली, मागं अझहर त्याच्या मशीनवर. पोरगी काय गायली हो! मला गाण्यातलं कळत नाही, पण बसल्या जागी पाय हलत होता माझा, एवढं कळतं. आणि मग ते गाणं आलं. लोकं ओरडायला लागली, मोबाईलचे दिवे लागले. आणि धवल माइक घेऊन पुढं आला. म्हणाला, "आज आपल्यासाठी खास! तो आवाज आज टेपवर नाही, समोर ऐकायचा! विजयामावशी!"

मी बघतोय पोरीकडं. पोरीचा चेहरा पांढरा. तिला माहितीच नव्हतं! या धवलनं परस्पर अझहरला सांगून मशीनमधून आवाज काढून टाकलेला, "ओरिजिनल मावशी हजर असताना टेप कशाला?" आणि अझहरला तरी काय माहिती, तो पण मावशीच समजत होता! ही बाई आधीच आत जाऊन तयार बसलेली, शालू नेसून! अहो, शाली घेऊन घेऊन हिला वाटायला लागलं होतं की हिनंच म्हटलंय! आली ती नमस्कार करत, माइक हातात घेतला.

आता ही गाईला म्हणते ते वेगळं. माइकसमोर म्हणायचं वेगळं. हिनं तोंड उघडलं आणि जो काही आवाज निघाला... मी नवरा आहे, मी जास्त बोलणार नाही. माइकनं पण शिट्टी मारली. हॉल गप्प. मग एक जण हसला. मग दहा. मग मागून कुणी तरी ओरडलं, "फेक हाय, फेक! बंद करा!" आणि शिट्ट्या. ही तिथंच उभी, हातात माइक, डोळ्यांत पाणी. आणि भार्गवी... पोरगी थिजली. ओठ हलतायत, आवाज नाही. अझहर ठेका तोच तोच वाजवतोय, चर्र-चर्र-ठुक, चर्र-चर्र-ठुक, पुढं कुणी जाईना. माझी पोरगी एवढ्या लोकांत माझ्याकडं बघायला लागली. मला तिचा चौथीतला चेहरा दिसला. शर्यतीत पडली होती, गुडघा फुटलेला, आणि मी घड्याळ घेऊन शेवटच्या रेषेवर उभा. काय म्हणालो होतो तेव्हा? ऊठ. रडायचं नाही. तेव्हा अशीच बघत होती.

मी उठलो. मी म्हणजे पायच उठले, मी बसलेलोच होतो. तिसऱ्या रांगेतूनच म्हणायला गेलो. आणि निघालं काय? ग्राउंडवरचा आवाज! "हलू नको!!"

अख्खा हॉल सावधान! खरं सांगतो! निम्मे विद्यार्थी माझे, टाचा जुळलेल्या ऐकू आल्या! एकाची बायको शेजारी बसलेली, मांडीवर पोरगं, आणि हा उभा राहिलाय ताठ! टाचणी पडली तर ऐकू येईल. शिट्टीवाला गप्प. पण मला ते म्हणायचंच नव्हतं! मला ते दुसरं म्हणायचं होतं, बारीक, आणि ते येईना! गेलो स्टेजवर. तोंड उघडतोय, मिटतोय, उघडतोय... आणि मग आमच्या हिच्या लक्षात आलं. ही एकटी बाई आहे जिला माझं सगळं लक्षात येतं. शालूचा पदर सोडला तिनं खांद्यावरून, वर केला, आणि एवढ्या लोकांत, लाइटमध्ये, माझ्या डोक्यावर टाकला. कानात म्हणाली, "म्हना आता. मी हाय ना."

पदरात अंधार. तेलाचा वास. समोर फक्त भार्गवी दिसतेय, तेवढीच फट.

हूं हूं हूं...

हलू नको गं बाय... मी हाय ना...

पोरीला म्हणालो हो मी. गाईला नाही. पहिल्यांदा. आणि तिचा आवाज सुटला. असा सुटला की... ती गात होती आणि रडत होती, आणि मी पदराखाली तेच तेच म्हणत होतो, कारण मला तेवढंच येतं. गाणं कधी संपलं कळलं नाही. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा ही पदर ओढायला लागली, "सोडा की आता, शालू फाटंल!" बाहेर आलो तर सगळे उभे. सावधानमध्ये नाही, असेच उभे. धवल कोपऱ्यात रडतोय, आणि या वेळी त्यानं माझ्याकडं बघून डोळे पुसले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, मग झालं की सगळं छान! छान? अहो, प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता! घरी पोचायच्या आत मी पदरासकट गावात पोचलेलो! आता शाळेत पोरं माझी नक्कल करतात, आधी सावधान, मग डोक्यावर रुमाल. एका साडीच्या दुकानदाराचा फोन आला, जाहिरात कराल का. हिनं आतून विचारलं, "साडी देनार का, इचारा." डेअरीनं परत सत्कार केला, या वेळी माझा, आणि शाल खांद्यावर नाही, डोक्यावरून घातली. डोक्यावरून! भार्गवी आता महिन्यातून दोनदा पुण्याहून येते, पहाटे गोठ्यात येऊन पेंडीच्या पोत्यावर बसते. काही बोलत नाही. मोबाईल पण आणत नाही. मी धार काढतो, ती ऐकते. हिचा हात कधीच बरा झाला, पण सगुणा आता हिला जवळ येऊ देत नाही! माझीच सवय लागली. ही दुपारपर्यंत झोपते.

आणि खरा घोटाळा तर पुढंच आहे. आमचं घर रस्त्यालगत. लग्नाचा हंगाम. संध्याकाळी धारेच्या वेळेलाच वरात निघते, पुढं डी.जे., आणि डी.जे.वर काय? दुसरं काय असणार! स्पीकरमधून मी, "हलू नको गं बाय..." आणि इकडं गोठ्यात सगुणा ऐकते आणि पान्हा सोडते! बादली नाही, मी नाही, काही नाही, उभ्या उभ्या दूध जमिनीवर! आणि ती जमीन! ज्या जमिनीला मी इतक्या वेळा म्हटलं, फाट बाई, घे पोटात, तिनं मला कधी घेतलं नाही, पण दूध? दूध असं घेते गटागटा!

मग काय करतो... वरातीचा आवाज लांबून आला रे आला की दोरीवरची निळी साडी ओढतो, गुंडाळतो, बादली घेतो आणि अंगणातून गोठ्याकडं पळतो. वरात थांबते. नवरदेव घोड्यावरून उतरतो, माझाच विद्यार्थी असतो, म्हणतो, "सर, एक फोटो!" आता नवरदेवाला नाही कसं म्हणायचं? उभा राहतो. पदर डोक्यावर नीट घेतो, निऱ्या सावरतो, बादली कमरेला... आणि छाती पुढं, पोट आत!